उभा जन्म आणि एक स्टूल

गेल्या महिन्यात भाचीला नोकरी लागली. पहिलीच. एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात. (पूर्वी याला सेल्सगर्ल म्हणायचे, आता हुद्दा भारदस्त झालाय. पगाराचं विचारू नका.) ताई आणि ती पेढे घेऊन बोनकोड्याला आमच्याकडे आल्या. आईने पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकायच्या आधी एकच प्रश्न विचारला.

"बसायला देतात का गं?"

आम्ही सगळे हसलो. पगार किती, सुट्टी कधी, घरी यायला किती वाजणार हे सोडून हिचं भलतंच. भाची म्हणाली, "नाही गं आजी, बसायचं नसतंच. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं. स्टूल ठेवतच नाहीत तिथे."

आई काही बोलली नाही. पेढा खाल्ला, आणि पायावरची साडी हळूच खाली ओढून घेतली. ती का ओढली हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोरखंडासारख्या फुगलेल्या, वेटोळी घेतलेल्या निळ्या-जांभळ्या शिरा. घोट्याजवळची कातडी तपकिरी पडलेली. दोन वर्षांपूर्वी तिथे एक छोटीशी जखम झाली, ती भरायला पाच महिने लागले.

तर त्या दिवसापासून डोक्यात भुंगा लागला. हा आजार माणसाच्या मागे कधीपासून आहे? तो टाळता येतो का? आणि येत असेल, तर आईला तो का टाळता आला नाही? मी डॉक्टर नाही, इतिहासाचा अभ्यासक तर नाहीच नाही. पण वाचायची खोड आहे. वाचता वाचता जे हाती लागलं ते सांगतो. शेवटी गोष्ट एका स्टुलापाशी येऊन थांबते, तेव्हा जरा धीर धरा.

आधी नाव. पुस्तकी मराठीत याला 'अपस्फीत शिरा' म्हणतात, जे कुणी म्हणत नाही. बायका "पायाला जाळं झालंय" म्हणतात, नाहीतर "शिरा फुगल्यात". डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं व्हेरिकोज व्हेन्स. आता बोनकोड्याच्या गल्लीतही हाच शब्द चालतो.

आजार जुना आहे. अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं एक शिल्प आहे. दाढीवाला माणूस आपल्या उंचीचा एक भला मोठा दगडी पाय कवटाळून उभा आहे, आणि त्या पायावर आतल्या बाजूने एक फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. नवसाचं शिल्प ते. फोटो पाहिला आणि मला वांद्र्याची मोतमाउली आठवली. तिथे नाही का मेणाचे हात, मेणाचे पाय विकत घेऊन वाहतात! आईनेही एकदा वाहिला होता, मेणाचा डावा पाय. आम्ही हिंदू, पण पाय दुखायला लागला की माणूस धर्म विचारत बसत नाही. चोवीसशे वर्षं मध्ये गेली, दगडाच्या जागी मेण आलं, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट रोमची. मारियस नावाचा मोठा सेनापती होता. प्लुटार्कने त्याचं चरित्र लिहिलंय. त्याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या आणि त्या दिसायला वाईट म्हणून त्याने वैद्याला बोलावलं. बांधून घ्यायला नकार दिला आणि एक पाय पुढे केला. वैद्याने कापून शिरा काढल्या, हा हू की चू नाही. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र नको म्हणाला. एवढ्या वेदनेच्या बदल्यात मिळणारा गुण त्याला परवडणारा वाटला नाही. (लेझरचं नाव काढलं की आई नेमकं हेच म्हणते, फक्त रोमन सेनापतीपेक्षा जास्त ठसक्यात.)

आणि आपल्याकडे सुश्रुत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींचे म्हणजे गाठींचे प्रकार सांगितलेत, त्यात एक 'सिराज' म्हणजे शिरांपासून झालेली गाठ आहे. कारण काय दिलंय, तर दुर्बळ माणसाला झालेले श्रम. आजच्या व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे तंतोतंत तेच असा दावा मी करणार नाही. पण शिरांचं दुखणं आणि अंगाला न झेपणारं काम यांची गाठ त्यांनी मारली होती, हे मात्र खरं.

हे सगळे शिरा बघत होते, कापत होते, बांधत होते. पण त्या फुगतात का, हे कळायला सतरावं शतक उजाडावं लागलं. इटलीत पाडुआच्या विद्यापीठात फाब्रिसियस नावाचे शरीरशास्त्राचे अध्यापक होते. शिरांच्या आत छोट्या छोट्या झडपा असतात हे त्यांनी १६०३ साली चित्रांसह छापलं. झडपा दिसल्या, पण त्यांचं काम काय ते नीट उमगलं नाही. ते उमगलं त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याला. १६२८ च्या त्याच्या पुस्तकात रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडेच येतं हे सिद्ध केलंय, आणि त्यात या झडपांचा मोठा वाटा आहे. त्यांची दारं एकाच दिशेला, हृदयाच्या दिशेला उघडतात.

त्याचा प्रयोग घरी करता येतो. भाचीला करून दाखवला तेव्हा ती मोबाईल बाजूला ठेवून बघत बसली, म्हणजे चांगलाच म्हणायचा. हात थोडा वेळ खाली सोडा, शिरा वर येतील. एका लांब शिरेवर मनगटाकडच्या टोकाला एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर पुसत न्या आणि ते दुसरं बोट उचला. वरून रक्त परत खाली येईल असं वाटतं, पण मधल्या झडपेपाशी येऊन थांबतं. खालचा तुकडा रिकामाच राहतो. दाबलेलं बोट उचललं की खालून भरतो.

आता हेच पायात बघा. हृदय रक्त खाली ढकलतं, पण खालून वर कोण चढवणार? ते काम पोटरीचं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडले की ते खाली यायला बघतं, पण झडप मिटते. पाऊल टाकलं की एक हिसका वर, पुन्हा पाऊल, पुन्हा हिसका. विहिरीवरच्या पंपासारखंच की. म्हणून डॉक्टर लोक पोटरीला दुसरं हृदय म्हणतात.

पण माणूस नुसता उभा राहिला तर पंप बंद! मग घोट्यापासून हृदयापर्यंत उंच रक्ताचा स्तंभ खालच्या शिरांवर उभा. घोट्याजवळच्या शिरेतला दाब अशा वेळी पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच ३० च्या आसपास उतरतो. वर्षानुवर्षं तो दाब सोसून शिरेची भिंत ताणते, झडपेची दोन पाती एकमेकांना पोचेनाशी होतात आणि दार गळायला लागतं. एक झडप गळली की तिच्या खालच्या झडपेवर भार. असं करत करत जाळं होतं.

म्हणजे दोष उभं राहण्याचा तरी किती? सगळा नाही. आईवडिलांकडून आलेल्या नाजूक शिरा, बाळंतपणं, वय, वजन ही कारणं आहेतच, आणि त्यातली बरीचशी आपल्या हातात नाहीत. पण डेन्मार्कमध्ये हजारो नोकरदारांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक वेळ उभ्याने काम करणाऱ्यांवर या दुखण्यासाठी इस्पितळात जायची पाळी जास्त येते, आणि कामकरी वयातल्या अशा रुग्णांपैकी पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक या उभं राहण्याच्या खात्यात टाकावे लागतील, असा त्याचा निष्कर्ष. पाचातला एक! तो टाळता आला असता.

इथे मला आमच्या घराचा इतिहास आठवतो. बाबा गिरणीत होते, लालबागला, साचाखात्यात. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं लाखो माणसं त्या साच्यांपुढे उभी राहिली. उभी राहिली हे अक्षरशः घ्या. सुरुवातीला तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, आठवड्याची सुट्टी नाही, जेवायची ठरलेली वेळ नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्याच्या बाहेर नाही. पगार वेळेवर. अपघात झाला तर भरपाई.

ती अर्ध्या तासाची मागणी मी दोनदा वाचली. अर्धा तास म्हणजे काय? तर माणसाने जमिनीला बूड टेकवायचं, भाकरी सोडायची. बसायचं. एवढं मागायला साडेपाच हजार सह्या लागल्या. रविवार मिळाला १० जून १८९० ला, गिरणीमालकांच्या संघटनेने मान्य केला तेव्हा. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाना कायद्यात आला. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले.

बसण्याच्या या भांडणात आपण एकटे नव्हतो. इंग्लंडमधल्या दुकानांत पोरी दिवसाला बारा-बारा, चौदा-चौदा तास काउंटरमागे उभ्या असत. १८९९ साली तिथल्या संसदेला त्यासाठी चक्क वेगळा कायदा करावा लागला. दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे निदान एक आसन ठेवायचं. तिघींत एक! त्या तिघींनी पाळी कशी लावली असेल, कुणास ठाऊक.

स्वतंत्र भारताने १९४८ चा कारखाना कायदा केला, त्यात कलम ४४ याच विषयावर आहे. ज्यांना उभ्याने काम करणं भाग आहे अशा सगळ्या कामगारांसाठी बसण्याची योग्य सोय करायची, म्हणजे कामाच्या ओघात जी काही उसंत मिळेल तिचा त्यांना फायदा घेता येईल. मला हे कलम फार आवडलं. कायद्याच्या रुक्ष भाषेत कुणीतरी दमलेल्या पायांचा विचार करून ठेवलाय. तो कायदा आता २०२० च्या नव्या संहितेत मिसळला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय तिच्यातही आहे.

पण कलम ४४ कारखान्याला होतं. दुकानाला नव्हे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबांचं पुढे काय झालं ते अडीच लाख घरांत झालं तेच, वेगळं सांगत नाही. काही वर्षांनी आम्ही लालबाग सोडून बोनकोड्याला भाड्याच्या खोलीत आलो. बाबा एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले. पुन्हा उभेच. आणि १९९१ साली आई वाशीच्या एका साड्यांच्या दुकानात लागली. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यात अर्थही नाही, कारण नियम सगळीकडे एकच होता. सकाळी दहा ते रात्री साडेआठ काउंटरमागे उभं राहायचं. गिऱ्हाईक गादीवर बसणार, शेठ गल्ल्यावर बसणार, साड्या दाखवणारी उभी. दुपारच्या शांत वेळेलासुद्धा खाली बसलेलं दिसलं की "बरं नाही का?" असा प्रश्न यायचा. प्रश्न तब्येतीचा नसायचा, हे तिला कळायचं. एकोणीस वर्षं.

ताईच्या आणि माझ्या शिक्षणाची फी त्या काउंटरवरून आली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे ते आहे.

दुकानातल्या बायकांचा हा प्रश्न पुढे केरळमध्ये पेटला. कोळिकोडच्या विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांत काम करणाऱ्या बायकांची संघटना बांधली. सुरुवात स्वच्छतागृहापासून झाली, कारण ते नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नसत. मग विषय बसण्यावर आला. २०१४ साली त्रिशूरमध्ये एका साड्यांच्या दुकानातल्या बायकांनी आंदोलन केलं, त्याचं नावच बसण्याचा लढा. २०१८ साली केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं सक्तीचं केलं. २०२१ साली तमिळनाडूनेही केलं. पहिली बातमी मी आईला वाचून दाखवली होती. ती तेव्हा निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. म्हणाली, "साड्यांच्याच दुकानातल्या ना? बरोबर."

आता बोनकोड्याबद्दल. हे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. चारी बाजूंनी कोपरखैरण्याचे सेक्टर वाढले आणि गाव मध्ये गावठाण म्हणून उरलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली, आणि ठाण्याच्या खाडीकाठची भातशेती, मिठागरं हळूहळू नकाशावरून गेली. शेजारच्या आजी मूळच्या इथल्या. वय नव्वदीच्या घरात, पाय काटकुळे, भेगाळलेले, पण शिरांचं जाळं नाही. त्यांना विचारलं, तुम्ही तरुणपणी काय काम करायचात? त्या म्हणाल्या, पावसाळ्यात भाताची लावणी, पाऊस गेला की मिठागर. मिठागराचा चिखलाचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. माणसं ओळीने पाय आपटत पुढे सरकायची. मग डोक्यावर मिठाच्या पाट्या.

माझ्या डोक्यात लगेच हार्वे. पाय आपटत चालायचं म्हणजे पोटरीचा पंप दिवसभर चालू! पण त्या जुन्या कष्टांवरून ओवाळून टाकावं असं काही नाही. मिठाने त्यांच्या पायांना चिरा पडायच्या, त्यातून रक्त यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. आणि एका आजींच्या पायांवरून सिद्धांत मांडणं चूकच, त्यांच्या शिरा मुळातच दणकट असतील. मुद्दा एवढाच की ते काम जड होतं, पण थिजलेलं नव्हतं. वाकणं, उकिडवं बसणं, चालणं, पुन्हा बसणं. एका जागी खांबासारखं दहा तास उभं राहण्याचं काम या गावात शहराबरोबर आलं. आज आमच्या गल्लीतून सकाळी निघणारी माणसं बघा. सुरक्षारक्षक, दुकानांतल्या मुली, सलूनवाले, हॉटेलांतले पोळ्या लाटणारे, इस्पितळातल्या सिस्टर. आजींच्या नातवंडांतही यातलेच दोघे-तिघे.

आपली भाषाही बघा कशी आहे. कष्टाचा तो 'उभा जन्म', आणि बसणं म्हणजे आळस. 'बसून खातो' ही शिवी आहे. 'बैठं काम' जरा कमीपणाचं. मोठ्यांसमोर बसायचं नाही, शाळेत शिक्षा म्हणून बाकावर उभं राहायचं. विठोबा विटेवर उभा आहे, मान्य, पण तो देव आहे, त्याला पोटऱ्यांची काळजी नाही. दुकानाच्या मालकाने उभं ठेवलं हे खरं, पण आपल्या सगळ्यांच्याच मनात एक छोटा शेठ बसलेला असतो. तो स्वतः बसलेला असतो, हे विशेष.

त्याचा पुरावा आमच्याच घरात सापडला. आई २०१० साली निवृत्त झाली. त्यानंतर तिला उभं राहायला कुणीच सांगितलेलं नाही. तरी ती उभीच असते. कुठे? ओट्यापाशी.

आईची आई गावाकडे चुलीपुढे पाटावर बसून भाकऱ्या थापायची. चुलीच्या धुराने तिचे डोळे गेले, तेव्हा चुलीचंही कौतुक नको. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅसची सिलिंडरं मिळायला लागली, हळूहळू स्टोव्ह आणि शेगडी जमिनीवरून ओट्यावर चढली, धूर गेला, वाकणं गेलं. सगळं चांगलंच झालं. फक्त पाट गेला, आणि त्याच्या जागी बसायला काही आलं नाही. स्वयंपाकघराचा नकाशा काढताना ओटा, सिंक, फडताळ सगळं आखतात. बाई बसणार कुठे, हे मी अजून एकाही नकाशात पाहिलेलं नाही.

दुकानातून रात्री नऊला आलेली आई पुन्हा दीड तास ओट्यापाशी उभी राहायची. आम्ही खाली पंगत मांडून बसायचो, ती गरम पोळ्या वाढायची, उभ्याने. "तू बस ना" असं आम्ही म्हणायचो. म्हणायचो आणि पुढची पोळी घ्यायचो. शेठने एकोणीस वर्षं उभं ठेवलं, त्याच्यावर मी दहा ओळी लिहिल्या. आम्ही किती वर्षं ठेवलं?

असो. आता टाळता काय येतं ते थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी आईला सांगितलेलं आणि मी वाचलेलं, दोन्ही मिळून.

एका जागी थिजून उभं राहायचं नाही. उभं राहणं भागच असेल तर दर थोड्या वेळाने टाचा उचलायच्या, दहा-पंधरा वेळा. टाच वर, टाच खाली. पोटरीचा पंप चालू होतो आणि कुणाला दिसतही नाही. भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचा, चार पावलं टाकायची. उंच टाचांच्या चपलांत पोटरी नीट हलत नाही, म्हणून सपाट चप्पल बरी. घरी आल्यावर आडवं पडून पाय हृदयापेक्षा उंच, उशीवर नाहीतर भिंतीला टेकवून, दहा-पंधरा मिनिटं. मग घोट्यापाशी साचलेलं रक्त आपोआप परत जातं.

माझ्यासारख्या संगणकापुढे बसणाऱ्यांनी हसू नये. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसणं हेही पंप बंद ठेवणंच आहे. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं. मराठीत यासाठी इतका नेमका शब्दप्रयोग आहे की थक्क व्हायला होतं: पाय मोकळे करणं! आणि जेवणानंतरची शतपावली. आपल्या आज्या-पणज्यांना झडपा ठाऊक नव्हत्या, पण पाय कधी बांधल्यासारखे होतात आणि कशाने सुटतात ते ठाऊक होतं.

दाबाचे मोजे मिळतात, त्यांचा सूज आणि जडपणा कमी करायला उपयोग होतो. पण दुकानातून अंदाजाने आणू नयेत, मापाने घ्यावेत. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. एका पायाला अचानक सूज येऊन दुखायला लागलं, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर घाबरून धावायचं नाही. आडवं व्हायचं, पाय उंच करायचा, स्वच्छ कापडाने दाबून धरायचं आणि कुणाला तरी डॉक्टर बोलवायला सांगायचं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या सवयींनी रोग हमखास टळतो असं नाही. आईकडून आलेल्या शिरा मला आणि ताईला मिळाल्याच आहेत. सवयींनी त्रास कमी होतो, दुखणं लांबतं, आणि तो पाचातला एक बहुधा वाचतो. एकदा झडपा गळल्या की सवयीने परत जुळत नाहीत. त्यापुढे मग लेझर वगैरे उपचार आहेत आणि ते मारियसच्या काळासारखे राहिलेले नाहीत. (हे वाक्य खास आईसाठी.)

पण ही यादी पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. टाचा उचला, पाय वर ठेवा, उठा, बसा, सगळं सोपं आहे. फुकट आहे. तरी लोखंड्यांना साडेपाच हजार सह्या गोळा कराव्या लागल्या, इंग्लंडला तिघींत एक आसन द्यायला कायदा लागला, केरळात बायकांना रस्त्यावर यावं लागलं. कारण सवय लावून घ्यायला आधी परवानगी लागते. आईला कुणी तीस वर्षांपूर्वी ही यादी दिली असती, तर तिने ती वाचून घडी घालून पर्समध्ये ठेवली असती आणि काउंटरमागे उभी राहिली असती.

मागच्या रविवारी मी सुताराकडून एक उंच स्टूल करून आणलं. ओट्याच्या मापाचं, खाली पाय टेकवायला आडवी पट्टी असलेलं. आईने ते बघितलं, "कशाला उगाच खर्च" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ती उभी राहून पोळ्या लाटत होती आणि स्टुलावर कणकेचा डबा बसला होता.

मी डबा उचलून खाली ठेवला आणि लाटणं हातात घेतलं. पहिली पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली. ती बघवेना म्हणून की काय, आई स्टुलावर बसली आणि मला शिकवायला लागली. चार पोळ्या होईपर्यंत बसली होती. आता रोज थोडी थोडी बसते. भाजी निवडताना तर नक्कीच.

परवा भाचीचा फोन आला. आजीच्या पायाबद्दल तिने बरोबरच्या मुलींना सांगितलं, मग चौघींनी मिळून सुपरवायझरला विचारलं. दुकानात नाही, पण मागच्या माल ठेवायच्या खोलीत एक स्टूल ठेवू देतो म्हणाला. पाळीपाळीने पाच-पाच मिनिटं.

आईला सांगितलं. तिने हिशोब केला, "चौघींत एक." मग म्हणाली, "तिला म्हणावं, आपली पाळी सोडू नकोस."